एका तारेवर दोन घरं

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कामगार चाळीत, शेवटच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, पडवीच्या बाजूनं एक खटका बसवलेला होता. पांढऱ्या चिनी मातीची पट्टी, तिच्यावर तांब्याचं पातं आणि पात्याला काळी मूठ. मूठ डावीकडे पाडली की कौलांवरच्या एरियलची तार आबाजी मुंगसेच्या रेडिओला लागायची, उजवीकडे पाडली की ज्योतीराम गोरेच्या. एवढासा खटका, पण त्यानं ज्योतीरामला जन्मभर पुरेल एवढी खंत दिली. अर्थात खटक्याला बोल लावण्यात काय अर्थ आहे? तो बिचारा ज्या बाजूला पाडाल त्या बाजूला पडायचा.

आबाजी आणि ज्योतीराम चाकणच्या पलीकडच्या एकाच गावचे. भामा नदीत एकत्र डुंबलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. घरात भावांची दाटी झाली तशी दोघांनी एकाच दिवशी गाव सोडलं, कारखान्यात लागले आणि जोडारी शिकले. लग्नं व्हायच्या आधी एका खोलीत राहिले, एका तव्यावरची भाकरी खाल्ली. पुढे बायका आल्या तेव्हा साहेबांच्या मागे लागून शेजारशेजारच्या खोल्या मागून घेतल्या. आबाजीची अंबूबाई आणि ज्योतीरामची सुमनताई यांचंही असं काही जमलं की कुणाच्या डब्यातली चटणी कुणाच्या घरची, हे कारखान्यात दोघांनाही सांगता यायचं नाही.

रेडिओ आधी आबाजीनं घेतला. वर्षाच्या आत ज्योतीरामनंही घेतला, कारण आबाजीकडे रेडिओ वाजतो आणि आपल्याकडे नुसती घड्याळाची टिकटिक, हे काही त्याच्यानं बघवेना. पुण्याचं स्टेशन जवळचं, ते वीतभर वायरीवरही बोलायचं. पण मुंबई ऐकायची तर उंचावरची तार हवीच, आणि चाळीच्या देखरेखीवरच्या साहेबांनी कौलांवर एकाच बांबूची परवानगी दिलेली. तेव्हा बांबूपासून मागच्या लिंबापर्यंत एकच तार ताणली आणि दोन्ही रेडिओ तिलाच जोडून दिले. आवाज निम्म्यावर आला. शिवाय आबाजीनं काटा फिरवला की ज्योतीरामच्या रेडिओत लांबलचक शिट्टी वाजायची.

“आगगाडी घरात शिरली जनू,” सुमनताई कानावर हात ठेवून म्हणाली.

मग साहेबांना विचारून कारखान्याच्या भंगारातून तो खटका आणला. आता तार एका वेळी एकाचीच. कुणी कधी घ्यायची, यावर पडवीत चहा पिता पिता चर्चा झाली. ज्योतीरामचं म्हणणं, एक दिवस तुझा, एक दिवस माझा. आबाजी म्हणाला, मग क्रिकेट तुझ्या दिवशी आलं तर मी काय करायचं? शेवटी अंबूबाईनं निकाल दिला. ती चौघांत वयानं लहान, पण तिचा शब्द कुणी सहसा मोडायचं नाही.

“खटक्याला हात लावायच्या आदी इचारायचं, घेऊ का? द्यायचं आसंल त्यानं म्हनायचं, घे. द्यायचं नसंल तर गप बसायचं. न्हाई मात्र म्हनायचं न्हाई. न्हाई म्हनलं की मन मोडतं. आन् समोरचा गप बसला तर आपन थांबायचं, कारण इचारायचं न्हाई.”

नियम सगळ्यांना आवडला. पुढची काही वर्षं त्या दोन घरांत दिवसातून कितीदा तरी “घेऊ का?” आणि “घे” चालायचं. चाळीतली पोरं चेष्टेनं एकमेकांच्या पेरूला हात घालतानाही तसंच विचारायची.

बिघडलं ते मुकादमकीवरून. जोडारी खात्यात मुकादमाची जागा निघाली. ज्योतीरामच्या मनानं ती आपलीच, त्यानं घरात तसं बोलूनही दाखवलं होतं. ती मिळाली आबाजीला. आता आबाजी काही साहेबांच्या पाया पडायला गेला नव्हता, आणि त्याचा हात ज्योतीरामपेक्षा साफ होता हे खातं जाणून होतं. ज्योतीरामही जाणून होता, आणि तेच तर जास्त झोंबलं. कुणीतरी कानाशी लागलं की आबाजीनं साहेबांच्या घरी कांद्याची गोणी पोचवली. हे खोटं आहे हे कळायला फार अक्कल लागत नाही, पण ज्योतीरामला ते खरं हवं होतं, म्हणून त्यानं ते खरं धरलं.

आबाजी पेढे घेऊन आला. ज्योतीरामनं पेढा घेतला, तोंडात घातला नाही, कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. सुमनताई त्या मुंग्या झाडत बराच वेळ बडबडत होती, “लहानपनापासूनचा दोस्त तो. लाज वाटू द्या जरा.” ज्योतीराम चपला घालून बाहेर निघून गेला.

त्या दिवसापासून त्यानं आबाजीशी बोलणं टाकलं. खटका तो न विचारता घेऊ लागला. आबाजीनं मात्र नियम सोडला नाही. त्याला तार हवी असली की पडवीत येऊन विचारायचा, “घेऊ का?” आणि इकडे ज्योतीराम गप्प. नुसतं गप्प बसून समोरच्याला ताटकळत ठेवता येतं, हा शोध त्याला नवाच लागला होता आणि तो त्यात रमला. रेडिओवर काय लागलंय याची त्याला फिकीर नसायची. काही दिवसांनी आबाजीनं विचारायचंच सोडलं आणि पुण्याच्या स्टेशनावर भागवू लागला.

त्याच सुमारास अंबूबाई खंगत चालली. आधी खोकला, मग संध्याकाळचा बारीक ताप, मग डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं. पोर जवळ ठेवू नका म्हणाले. इंद्रायणी तेव्हा बारा वर्षांची, एकुलती एक. तिला मुंबईला मामाकडे धाडून दिली. जाताना ती पायरीवरून आईला हात हलवत होती, अंबूबाई पदर तोंडाशी धरून दारातच उभी होती, आणि मायलेकींच्या मधे आबाजी ट्रंक घेऊन. ज्योतीरामनं हे खिडकीतून पाहिलं. पण तेवढ्यानं उठून जाणाऱ्यातला तो नव्हता. तोंड उघडायचं कसं, हाच प्रश्न एव्हाना डोंगराएवढा झाला होता.

दिवाळी तोंडावर आली असतानाचा एक रविवार. सुमनताई भावजयीच्या बाळंतपणाला खेडला माहेरी गेलेली. ज्योतीराम ओव्हरटाइम करून आला, स्वतःच चहा केला, मुंबई लावली आणि बाजेवर पडला. बाजारभाव चालले होते. कांदा, बटाटा, गूळ. त्याच्या नावावर गावी कांद्याचा एक वाफासुद्धा उरला नव्हता, तरी तो ऐकत होता.

शेजारी बायकांची वर्दळ जाणवत होती. अंबूबाईला बघायला आल्या असतील, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पडवीत पावलं वाजली, कुणीतरी घसा साफ केला.

“घेऊ का?”

कित्येक महिन्यांनी आलेला तो आवाज. ‘घे’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता, हे तो पुढे स्वतःला पुन्हापुन्हा सांगायचा. पण तो ओठांवर येऊन काय उपयोग? मागोमाग मनात दुसरंच आलं, आता कशी गरज पडली मुकादमाला! थांब म्हणावं जरा. आणि तो बाजेवर तसाच पडून राहिला.

“घेऊ का रं?” पुन्हा आबाजी. या खेपेला आवाज थोडा कापरा होता.

ज्योतीराम गप्प. बाहेर रतनबाई, पलीकडच्या खोलीतली, काहीतरी घाईघाईनं पुटपुटली. त्यावर आबाजी म्हणाला, “नको वैनी, दार नका वाजवू. गप हाय म्हंजी त्याचं कायतरी महत्त्वाचं चाललं आसंल. थांबायचं. ठरलंय आमचं तसं.”

बाजारभाव संपले. मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. एका पोरानं गोष्ट सांगितली. मग निवेदक बाईंचा गोड आवाज आला, आता आपल्याला जात्यावरच्या ओव्या ऐकवणार आहे कुमारी इंद्रायणी आबाजी मुंगसे.

ज्योतीराम ताडकन उठून बसला.

पोरीनं सुरुवात केली आणि त्याला वाटलं, अंबूबाईच दळायला बसली आहे. तीच चाल, ओळीच्या शेवटाला तसाच हलका हेलकावा. दुखणं लागायच्या आधी कितीतरी पहाटे याच ओव्यांनी त्याला जाग यायची, सगळ्या त्याला पाठ होत्या. शेजारी ती माउली लेकीच्या आवाजासाठी जीव कानात आणून बसली होती, आणि तो आवाज भरत होता त्याच्या एकट्याच्या खोलीत.

दार उघडायचं आणि मूठ डावीकडे पाडायची, एवढंच काम होतं. त्याला ते कळत होतं. पण दार उघडलं की समोर आबाजी उभा असणार. जागा होतास, ऐकत होतास, दोनदा हाक मारली तरी पडून राहिलास, हे त्याच्या डोळ्यांत दिसणार. त्या नजरेला तोंड द्यायची ज्योतीरामची छाती होईना. निदान आवाज मोठा करावा, भिंतीतून जाईल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तो रेडिओपाशी गेला, बटणाला हात लावला.

आणि त्यानं आवाज कमी केला.

आपण ऐकतो आहोत हे शेजारी कळू नये म्हणून. कान जाळीला टेकवून, चोरासारखा, तो ऐकत राहिला. अंबूबाईची एक ओवी होती:

*लेक माझी गं दूर, डोंगराच्या पल्याड,*
*येईल म्हणून मी उघडं ठेवते कवाड.*

पोरीनं तिथं ‘लेक’ म्हटलंच नाही. ‘आई माझी गं दूर,’ असं म्हणाली, ‘डोंगराच्या’पाशी तिचा गळा दाटला, ती थांबली. श्वास घेतलेला ऐकू आला. मग पुन्हा पहिल्यापासून उचलून तिनं ती ओळ पुरी केली. ‘येईन म्हणून तिनं उघडं ठेवलं कवाड.’

ज्योतीराम तिथंच फरशीवर बसला. ओव्या संपून टाळ्या वाजल्या तेव्हा तो उठला, दार उघडलं. पडवीत कुणी नव्हतं. त्यानं मूठ डावीकडे पाडली. खट् असा आवाज झाला, आतून आबाजी ओरडला, “दिलं गं दिलं!” आणि लगेच त्याचा रेडिओ बोलू लागला. कुणीतरी मुलगा कविता म्हणत होता.

“पोरीचं व्हायचंय का झालं?” अंबूबाईनं विचारलेलं पडवीत स्पष्ट ऐकू आलं. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी तो रेडिओ बंद केला नाही.

सकाळी ज्योतीराम पाण्याला निघाला तर अंबूबाई दारात उन्हाला बसलेली. हाताच्या काड्या झालेल्या. तिनं हाक मारली, “भावजी, काल पोरीनं ओव्या म्हनल्या मुंबईवरनं. तुमच्या कानावर पडल्या का वो? कशी म्हनली?”

तिला रागावणं माहीतच नव्हतं. चुकला असाल पण निदान सांगा तरी, असंही तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्या क्षणी ज्योतीराम सगळं देऊ शकला असता. चाल, थांबणं, बदललेला शब्द, सगळं ताजं होतं त्याच्या कानात. पण सांगायचं तर आधी कबूल करावं लागणार.

“न्हाई वो वैनी,” तो म्हणाला. “रेडिओ चालू राहिला आन् माझा डोळा लागला.”

“व्हय, दमून येता तुमी,” ती म्हणाली. “आसू द्या. फुडल्या येळंला आयकू.”

पुढली वेळ आली नाही. संक्रांतीच्या आधीच अंबूबाई गेली.

त्या मधल्या दिवसांत ज्योतीरामनं तारेला हात लावला नाही. मूठ डावीकडेच राहू दिली. सुमनताई माहेराहून आली, तिनं चाळीतून काय ते ऐकलं आणि विचारलं, “अहो, तुमी खरंच झोपला व्हता?” त्यानं हो म्हटलं. एकदा खोटं बोलून बसलेला माणूस दुसऱ्यांदा बोलताना अडखळत नाही, आणि बायकोला तेच खटकलं. ती अंबूबाईचं अंथरूण-पांघरूण करायला जायची आणि तोही आता औषध आणून दे, लाकडं फोडून दे, असं करू लागला. आबाजीला वाटलं, दोस्त परत मिळाला. तो दोनदा तसं बोललाही. ज्योतीरामला ते ऐकवत नसे. रोज तो मनाशी म्हणे, आज वैनीला सांगतो. रोज तिच्या उशाशी कुणी ना कुणी बसलेलं असे, आणि त्याला हायसं वाटे.

तेराव्याला इंद्रायणी होती. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. आबाजी भिंतीला टेकून बसला होता, ज्योतीराम उंबऱ्याशी. पोर आतून आली आणि ज्योतीरामच्या जवळ बसली. बापाला ऐकू जाणार नाही असं काही तिनं पाहिलं नाही, सरळच बोलली.

“काका, बाबा म्हणतात आईनं माझ्या ओव्या ऐकल्या. सगळ्या. फार आवडल्या तिला.”

ज्योतीराम खाली बघत राहिला.

“मग मी बाबांना विचारलं, मी मधे कुठं थांबले ते आई काय म्हणाली? तर ते गप्प बसले.” तिनं बोटानं जमिनीवर रेघ ओढली. “आपल्याकडं गप्प बसलं की ‘नाही’ असतं ना, काका?”

आबाजीनं डोळे मिटून घेतले.

“तुम्ही तरी ऐकलं होतं का?”

आता गप्प बसणं म्हणजे आणखी एकदा खोटं बोलणं. अंबूबाईच्याच नियमानं, तिच्याच घरात, तिच्या तेराव्याला.

“ऐकलं,” तो म्हणाला. “‘डोंगराच्या’पाशी थांबलीस तू. तुझी आई ‘लेक’ म्हनायची, तू ‘आई’ म्हनलीस. मग दम घिऊन पहिल्यापासनं उचललंस. लई ग्वाड म्हनलीस, पोरी. अगदी तिच्यावानी.”

इंद्रायणीचा चेहरा फुलला आणि दुसऱ्याच क्षणी ती ओंजळीत तोंड घालून रडू लागली. इतक्या महिन्यांत कुणी तिला हे सांगितलं नव्हतं. ज्योतीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मान वर करायचं धाडस करायला त्याला वेळ लागला.

आबाजी त्याच्याकडेच पाहत होता.

“जागा व्हतास तू.”

“व्हय.”

“भिंतीतनं बारीक आवाज येत व्हता आमाला. कुनाचा कळत नव्हतं, पन येत व्हता. मग एकदम थांबला.” आबाजी सावकाश बोलत होता, त्याच्या आवाजात राग नव्हता. “अंबू काय म्हनली माहीत हाय? म्हनली, भावजींनी बंद केला बगा, त्यांचं झालं. आता देतील आपल्याला. सरळ बशीवा मला, म्हनली. म्हनून मी पडवीतनं आत आलो आन् तिला उठवून बशीवली.”

आबाजी उठला, पोरीला उठवलं आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी मामा इंद्रायणीला मुंबईला घेऊन गेला. आबाजी स्टेशनवर पोचवून आला, दार लोटून घेतलं. दिवस कलल्यावर ज्योतीराम पडवीत आला. खटक्याची मूठ डावीकडेच होती. तार कुणालाच नको होती, त्यालाही नको होती. पण त्या घराशी बोलायचा दुसरा कुठलाच रस्ता त्यानं शिल्लक ठेवला नव्हता.

“आबा,” त्यानं हाक मारली. “घेऊ का?”

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. आबाजी घरात होता, जागा होता. सुमनताई दारात येऊन उभी राहिली. ज्योतीरामनं पुन्हा विचारलं नाही.

उत्तर आलं नाही. चाळीत दिवे लागले, कुणाकडे तरी भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. सुमनताई हळूच म्हणाली, “चला आत.”

“तो गप हाय,” ज्योतीराम म्हणाला. “थांबायचं आसतं.”

आणि तो तिथंच, भिंतीला पाठ लावून, बसून राहिला.